गल्ल्यापलीकडचे गिऱ्हाईक

गेल्या मे महिन्यात मी बुऱ्हाणपूरला गेले ती मावशीकडे आंबे खायला आणि दुपारी भरपूर झोपायला. दुकानाच्या वेबसाइटचा मजकूर लिहायला मी गेले नव्हते. पण परीक्षा संपलेली कॉमर्सची विद्यार्थिनी ही नातेवाइकांच्या दृष्टीने फुकटची मुनीम असते. त्यातून माझे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले, आणि शाळेत असताना निबंधाला एकदा बक्षीस मिळालेले. ही बक्षिसाची गोष्ट आईने फोनवर मावशीला सांगितली आणि घात तिथेच झाला.

बेळगावहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ गाठायचे, तिथे गाडी बदलायची. रावेर मागे पडले की मध्य प्रदेश लागतो. पण रुळांच्या दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागांना ते कुणी सांगितलेले नसावे, त्या तशाच पुढे चालू राहतात. तापीच्या काठचे हे जुने शहर. इथल्या पेठांना वारांची नावे आहेत: बुधवारा, शनवारा, इतवारा. मावशीचे घर इतवाऱ्यात. इतवार म्हणजे रविवार, आणि रविवार पेठ तर आमच्या बेळगावातही आहे. त्यामुळे मला तिथे परके असे कधी वाटलेच नाही. इतवाऱ्यात लोक हिंदी बोलतात, मराठी बोलतात, उर्दू-गुजरातीही कानावर पडते, आणि पुष्कळदा एकाच वाक्यात यातल्या दोन भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. घरात मराठी आणि गल्लीत कानडी अशा वातावरणात वाढलेल्या मुलीला याचे नवल ते काय?

काकांचे मिठाईचे दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढे काचेचे कपाट, मागे भट्टी आणि मध्ये गल्ल्यावर काका. दोन पदार्थांवर दुकानाचे नाव टिकून आहे. पहिला मावा जलेबी. वाचकहो, आपल्याकडची पिवळी कुरकुरीत जिलेबी क्षणभर बाजूला ठेवा. ही खव्याची असते, बोटाएवढी जाड, रंगाने गडद तपकिरी, जवळजवळ काळीच. आकार जिलेबीचा आणि चव गुलाबजामाच्या कुळातली. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडच्या बाजूला बुऱ्हाणपूरचे नाव सांगून ती विकली जाते. दुसरा पदार्थ दराबा. रवा, साखर आणि तूप एकत्र करून ते घोटत बसतात. घोटून घोटून ते इतके हलके होते की जिभेवर ठेवताच विरघळते.

माझा मावसभाऊ इंदूरला नोकरी करतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादाने रात्री जागून दुकानाची वेबसाइट तयार केली होती. फोटो होते, फोन नंबर होता, पैसे भरायची सोय होती, आणि मधोमध मोठी रिकामी चौकट होती. तीत लिहिले होते, "इथे मजकूर येईल." हिंदी मजकूर दादाने लिहिला. रावेर, मुक्ताईनगर, जळगावचे गिऱ्हाईक मराठी, त्यांचे नातेवाईक नाशिक-पुण्याला. तेव्हा मराठी पान हवेच. ती चौकट माझ्या वाट्याला आली.

मी पदर खोचला. आमच्या पुस्तकात जाहिरातीचे चार टप्पे दिले आहेत: लक्ष वेधणे, रस निर्माण करणे, इच्छा जागवणे आणि कृतीला प्रवृत्त करणे. एल्मो लुईस या अमेरिकन जाहिराततज्ज्ञाच्या नावावर हा मंत्र सांगितला जातो, तोही १८९८ सालापासूनचा. चारही टप्पे मी एकाच वाक्यात बसवले. ते वाक्य आज लिहितानाही कान गरम होतात, पण प्रायश्चित्त म्हणून लिहिते: "मुमताज महलच्या वास्तव्याने पावन झालेल्या ऐतिहासिक नगरीतील, मोगल काळापासून चालत आलेली, शुद्धता, परंपरा आणि विश्वास यांचा त्रिवेणी संगम असलेली, अवीट गोडीची जगप्रसिद्ध मावा जिलेबी आता देशात कुठेही घरपोच, अगदी ताजी!"

रात्री जेवणानंतर मी ते मोठ्याने वाचून दाखवले. मावशीने कौतुकाने पाहिले. काका सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "मुमताज आपल्याच गावात वारली, १६३१ साली, चौदाव्या बाळंतपणात. ते खरं. पण तिनं आपल्या दुकानातून जिलेबी नेली होती का? मग उधारी वसूल करायची राहिली की गं!"

सगळे हसले. मीही हसले, आणि मुमताजला वाक्यातून काढले. दुकान काकांच्या वडिलांनी टाकलेले. तेव्हा मोगल काळही गेला. बाकीचे वाक्य तसेच राहिले. "अगदी ताजी" हे शब्दही राहिले. दुसऱ्या दिवशी दादाने ते पान जगाला खुले केले.

पहिल्याच आठवड्यात नाशिकहून पाच किलो जिलेबीची मागणी आली. घरात साखरपुडा होता. पैसे आधीच जमा झालेले. काका जरा घुटमळले, "इतक्या लांब?" म्हणाले, पण पानावर लिहिले होते, पैसे आले होते, दादाचा उत्साह होता. कारागिरांनी पहाटे उठून घाणा काढला, डबे बांधले, पार्सल गेले. ते चौथ्या दिवशी पोचले. मे महिना. खव्याचे काय झाले असेल ते सुज्ञांस सांगणे न लगे.

फोन मी घेतला. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"बाळ, डबे उघडले तर वास येतोय गं."

मी काहीतरी पुटपुटले. पैसे परत देऊ म्हणाले.

"पैसे द्याल हो. पण पाहुणे पानावर बसलेत, आता ताटात काय वाढू? तुमच्या त्याच्यावर 'अगदी ताजी' लिहिलं होतं, म्हणून मी दुसरं गोड केलंच नाही."

काकांनी त्याच संध्याकाळी सगळे पैसे परत पाठवले. आठवड्याची कमाई गेली असेल. मला ते एक शब्द बोलले नाहीत. मीच आपली बाजू मांडू लागले. पार्सलवाल्यांनी उशीर केला, ऊन फार होते, शिवाय कायद्याने पाहिले तर... आणि इथे माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी जागी झाली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचा आमचा पाठ मला तोंडपाठ होता. दुकानात मांडलेला माल, छापलेले भावपत्रक किंवा जाहिरात हा सर्वसाधारणपणे प्रस्ताव नसतो; ते नुसते प्रस्तावासाठी निमंत्रण असते. तेव्हा जाहिरातीतला शब्द म्हणजे वचन नव्हे, असे मी काकांना समजावले.

काका शांतपणे म्हणाले, "कायद्यात नसेल पोरी. इतवाऱ्यात असतं."

मग म्हणाले, "उद्या सकाळी दुकानात ये. वही आण."

सकाळी दुकानात गेले आणि पहिली नजर काचेच्या कपाटावर गेली. जिलेबीच्या परातीपुढे एक चिठ्ठी लावलेली होती: अमुक तारखेला केली, अमुक तारखेपर्यंत खावी. दोहोंत दोन दिवसांचे अंतर. सुट्या मिठाईपुढेही ही तारीख लावायचा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून लागू केला. ती चिठ्ठी मी पंधरा दिवस रोज पाहत होते. इतवाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला काका सांगत होते, दोन दिवसांत खा. नाशिकच्या गिऱ्हाइकाला मी सांगितले होते, अगदी ताजी. एकाच दुकानाची दोन तोंडे, आणि खोटे बोलणारे तोंड माझे. पुढे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून पाहिला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत मालाचे खोटे वर्णन तर आहेच, पण महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणेही आहे. मी मुद्दाम लपवली नव्हती हे खरे. मला ती महत्त्वाची वाटलीच नव्हती. हे जास्त वाईट, असे माझे मत आहे.

तीन दिवस मी गल्ल्याशेजारी स्टुलावर बसले. काकांनी काम एकच दिले: गिऱ्हाईक काय विचारते ते लिहायचे. आपल्याला काय सांगायचे आहे ते लिहायचे नाही. वहीची पाने भरत गेली.

"ही काळी का? जळली आहे का?"

"तुपातली की डालड्यातली?"

"उपवासाला चालते का?"

"रावेरला न्यायची आहे, रात्रीपर्यंत राहील?"

"गरम कधी मिळेल?"

"शंभर ग्रॅम देता का? आधी चव बघतो."

"दराबा म्हणजे काय असतं?"

काकांची उत्तरे प्रश्नांपेक्षा आखूड. "खव्याचा रंग आहे, जळकी नाही." "जिलेबी वनस्पतीत, दराबा साजूक तुपात." "थोडा मैदा असतो, उपवासाला नको." "रावेर? उद्या दुपारपर्यंतसुद्धा राहील." "पहिला घाणा सकाळी दहाला." शंभर ग्रॅमवाल्याला ते एक तुकडा कागदावर देत, पैसे न घेता. तीन दिवसांत मी काकांच्या तोंडून 'उत्कृष्ट' हा शब्द एकदाही ऐकला नाही. बोलणाऱ्याची बोरेही खपतात म्हणतात. पण काका बोलत होते ते विचारलेले तेवढेच, आणि परात रोज रिकामी होत होती.

उपवासाच्या प्रश्नाची एक गंमत. एकादशीला एक बाई अर्धा किलो बांधून घ्यायला निघाल्या होत्या. काकांनी आपण होऊन विचारले, "ताई, उपवासासाठी तर नाही ना?" होते उपवासासाठीच. बाई जिलेबी न घेता गेल्या. मी मनातल्या मनात अर्ध्या किलोचा हिशेब केला. द्वादशीला त्याच बाई आल्या आणि एक किलो घेऊन गेल्या. दर वेळी असे घडते असे नाही. पण मी पाहिले ते लिहिले.

काही प्रश्न फोनवर येत. पुण्याच्या एका मुलाने विचारले, "मावा जिलेबी म्हणजे? मावा घातलेला असतो?" प्रश्न विचित्र वाटला, मग उजेड पडला. आपल्याकडे, आणि पुण्याकडेही, दुधाचा असतो तो खवा. मावा म्हणजे पानटपरीवर मिळतो तो, सुपारी-तंबाखूचा! त्या बिचाऱ्याला तंबाखूची जिलेबी दिसली असेल. बेळगावच्या कानडी मैत्रिणीला मी हा किस्सा कळवला, तर तिने आणखी भर घातली. कानडीत 'माव' म्हणजे सासरा किंवा मामा. "मग ती सासऱ्याची जिलेबी का?" असे तिने विचारले. बुऱ्हाणपुरात ज्या शब्दाने तोंडाला पाणी सुटते, त्याच शब्दाने पुण्यात शंका येते आणि बेळगावात हसू.

दराब्याचेही तसेच. मराठी घरात दराब्याचे लाडू होतात. त्यामुळे मराठी गिऱ्हाईक लाडू डोळ्यांसमोर आणते आणि परातीतला मऊ पांढरा गोळा पाहून बुचकळ्यात पडते. आमच्या भागातला गोकाकचा करदंट घ्या. कानडी माणसाला ते नावच सगळे सांगते: 'करिद अंटु', तळलेला डिंक. मराठी माणसाला ते नुसते एक नाव. नाव आपल्या गावात ओळखीचे असते, म्हणून ते सगळीकडे बोलेल असे आपण धरून चालतो. मी पहिल्या मजकुरात 'जगप्रसिद्ध' लिहिले होते, आणि तो पदार्थ कशाचा असतो हे मात्र कुठेच लिहिले नव्हते. जगाला माहीतच आहे म्हटल्यावर सांगायचे कशाला?

गावाच्या नावातही पेच होता. मराठीत आपण बुऱ्हाणपूर लिहितो, हिंदीत बुरहानपुर. मोबाइलवर शोधणारा जे टाइप करील तेच त्याला सापडणार. मराठी पानावर पहिल्यांदा नाव येते तिथे आता दोन्ही रूपे आहेत. शाळेतल्या बाईंनी शुद्धलेखनाची चूक म्हणून लाल रेघ मारली असती. पण बाईंना जिलेबी शोधायची नव्हती.

दादाने मला एक माहिती दिली ती इथे सांगण्याजोगी आहे. वेबपानांचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९७ साली लोक पाने कशी वाचतात याची पाहणी केली. त्यांच्या पाहणीतले शंभरातले ७९ जण नवे पान वाचतच नव्हते, नुसती नजर फिरवत होते. शब्द न्‌ शब्द वाचणारे अवघे १६. पटले मला. स्टुलावर बसून मी तेच पाहिले होते. गिऱ्हाईक दुकानाची पाटी वाचत नाही. ते परातीकडे बघते, भावाकडे बघते, आणि अडले तर विचारते. मोबाइलच्या काचेवर तर हातभर जागा. तिथे अंगठा एकदा सरकण्याआधी काय आहे, कितीला आहे, कुठे आहे आणि कधी मिळेल हे दिसले पाहिजे. माझे त्रिवेणी संगमाचे वाक्य दादाच्या मोबाइलवर आठ ओळी खात होते, आणि दुकानाचा पत्ता सगळ्यात तळाशी होता.

एका संध्याकाळी मावशी मला गांधी चौकातली जामा मशीद दाखवायला घेऊन गेली. फारुकी घराण्यातल्या राजा अली खानाने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. आत भिंतीवर अरबी लेख आहे, आणि त्याच्या जोडीला चक्क देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. माझे संस्कृत दहावीपर्यंतचे, त्यामुळे सगळे काही कळले नाही; पण काळाची गणना कळली. अरबी वाचणाऱ्यासाठी हिजरी सन. संस्कृत वाचणाऱ्यासाठी विक्रम संवत १६४६, शके १५११, शिवाय महिना आणि तिथी. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन आहे, तेही संस्कृत वाचणाऱ्याला आपले वाटेल अशा शब्दांत. इमारत एक, बांधणारा राजा एक. पण लिहिणाऱ्याने एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत नुसता ओतला नव्हता. दुसऱ्या भाषेच्या वाचकापुढे जाऊन तो नव्याने बोलला होता.

मी काय करत होते? दादाच्या हिंदी मजकुराचे मराठी करत होते. 'आपकी सेवा में तत्पर' याचे 'आपल्या सेवेत तत्पर'. घरी आल्यावर मी हिंदी पान मिटून ठेवले. हिंदीत विचारणारे बहुतेक शहरातले. त्यांना रमजानमध्ये दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते ते हवे असते. मराठीत विचारणारे बहुतेक बाहेरगावचे. त्यांना रावेरकडून मोटारीने आल्यावर कुठे वळायचे, गाडी कुठे लावायची आणि एकादशीला चालते का, हे हवे असते. प्रश्न वेगळे, तर पानेही वेगळी व्हायला हवीत. दोन्ही भाषांत सारखे असले पाहिजे ते एवढेच: भाव, वजन, तारीख आणि खरेपणा.

नवा मजकूर मी वहीतल्या उत्तरांवरूनच लिहिला. तो असा:

"खव्याची जिलेबी. बुऱ्हाणपुरात (बुरहानपुर) हिला मावा जलेबी म्हणतात. खवा, थोडा मैदा आणि साखर. वनस्पती तुपात तळलेली. रंग गडद असतो. तो खव्याचा रंग आहे. उपवासाला चालत नाही. पहिला घाणा सकाळी दहाला निघतो. दोन दिवसांत खावी. ही जिलेबी आम्ही पार्सलने पाठवत नाही, कारण वाटेत टिकत नाही. लांब न्यायचे असेल तर दराबा न्या. तो रवा, साखर आणि साजूक तुपाचा असतो. लाडू नव्हे, चमच्याने खायचा. पंधरा दिवस टिकतो."

त्याखाली भाव, पत्ता, वेळ, अन्नपरवान्याचा क्रमांक, आणि तक्रार असेल तर कुणाला फोन करायचा ते. पार्सलचा खर्च धरून एकूण किती पैसे पडतील हेही आधीच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत या गोष्टी स्पष्ट सांगण्यावर भर आहे. पण काका म्हणाले, नियम नसता तरी गिऱ्हाइकाने ते विचारलेच असते.

दादाला मजकूर पसंत पडला नाही. इंदूरहून फोनवर त्याची आणि काकांची चांगलीच जुंपली. पार्सल बंद म्हणजे बाहेरची विक्री निम्म्याने जाणार, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आणि 'वनस्पती' हा शब्द कोण आपण होऊन लिहितो? बाजूची दुकाने तूप म्हणून मोकळी होतात. त्याने तडजोड सुचवली: "दोन दिवसांत खावी" याऐवजी "शक्यतो लवकर खावी" असे लिहू.

काकांनी विचारले, "शक्यतो म्हणजे किती वाजेपर्यंत?"

दादा गप्प.

"आणि वनस्पतीचं म्हणशील, तर गल्ल्यावर कुणी विचारलं की मी तोंडानं सांगतोच. तोंडानं सांगतो ते लिहायला लाज कसली?"

मजकूर गेला तसाच. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या चार ओळींनी काकांचा धंदा खरेच बसला तर? पुस्तकातल्या उदाहरणात तोटा झाला तर उत्तरपत्रिकेत ऋण चिन्ह काढले की भागते. इथे तोटा झाला तर मागच्या भट्टीवरच्या दोन कारागिरांपैकी एकाचे काम जाणार होते. बाहेरून आलेल्या पोरीने जाहिरात लिहावी आणि परीक्षा दुसऱ्यांनी द्यावी, असा तो प्रकार होता.

सुटी संपवून बेळगावला परतले तेव्हा वाटेत एक गोष्ट आठवली, आपल्याच गावची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. पण तो घ्यायला शेतकरी पुढे येईना. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. विक्री सुरू व्हायला दोन वर्षे लागली म्हणतात. लहानपणी ही गोष्ट जिद्दीचा धडा म्हणून ऐकली होती. या वेळी तीत मला एक गिऱ्हाईक दिसले. नांगर उत्कृष्ट आहे का, असे तो शेतकरी विचारतच नव्हता. माझ्या जमिनीचे काय होईल, एवढेच तो विचारत होता. त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत बाकीचे सगळे शब्द त्याच्यासाठी फुकट होते. पुढे १९२० मध्ये कारखान्याची माहिती लोकांपर्यंत पोचवायला 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्यातून मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. गिऱ्हाइकाशी नीट बोलायचे म्हटले तर गोष्ट कुठवर जाऊ शकते ते पाहा.

काकांचा धंदा बसला नाही, तसा वाढलाही नाही. बाहेरगावची पार्सले कमी झाली. दादाचे म्हणणे तेवढे खरे ठरले. दराबा थोडा जास्त जातो. रावेर-भुसावळकडची माणसे आदल्या रात्री फोन करतात, "उद्या दहाच्या घाण्यातली एक किलो ठेवा." दोन्ही कारागीर आहेत. मावशी सांगते, काकांची एकच तक्रार आहे: आता "काळी का?" असे कुणी विचारतच नाही, वाचूनच येतात, आणि त्यांना बोलायला मिळत नाही.

आमच्या भाषेत शब्द लिहितात, शब्द मांडतात आणि शब्द देतातही. दुकानासाठी लिहिणारा माणूस ही तिन्ही कामे एकदमच करतो, हे मला वर्गात कळले नव्हते. दिलेला शब्द आपण पाळायचा नसून तो भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला पाळायचा असतो, हेही नाही.

नाशिकच्या त्या बाईंना काकांनी दराब्याचा एक डबा पाठवला, पैसे न घेता. तो पोचल्याचा फोन आला नाही. त्या दिवशी ताटात त्यांनी काय वाढले, ते मला कधीच कळले नाही. त्यांचा नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तसाच आहे. काही लिहायला बसले आणि हात विशेषणाकडे वळला, की मी ते पान एकदा उघडून पाहते.